खालच्या फळीवरचा साचा

"काका, वर चढताय की उतरताय? एकदाचं ठरवा. मागे माणसं खोळंबलीत."

मागून आलेल्या या प्रश्नाने कवळीकार दचकले. जिन्याच्या पाचव्या पायरीवर ते बराच वेळ उभे होते. दोन्ही हातांत जाड कापडाच्या पिशव्या होत्या आणि जराशी हालचाल होताच त्यांतून खडखड असा कोरडा नाद उमटत होता. मागचा मनुष्य रंगारी असावा. त्याच्या नखांच्या कडांना निळा रंग सुकलेला होता आणि बगलेत कागदांनी फुगलेली फाइल होती.

"चढतोय, चढतोय," कवळीकार म्हणाले आणि एक पायरी चढले.

"रिटर्नच ना? मग एवढं घाबरायचं काय त्यात? आज शेवटची तारीख. सगळे आळशी आज एकाच जिन्यावर." रंगारी मनमोकळा हसला. "पिशवीत काय, दगड भरलेत?"

"दात."

रंगाऱ्याने पिशव्यांकडे एकदा पाहिले. भिंतीला अंग घासत तो त्यांना ओलांडून वर निघून गेला.

हा जिना कवळीकारांच्या पायांना परका नव्हता. दुसऱ्या मजल्यावर अप्पांचे कार्यालय होते. अप्पा करसल्लागार होते आणि तब्बल सव्वीस वर्षे कवळीकारांचे प्राप्तिकर विवरणपत्र त्यांनीच भरले होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. आता त्यांच्या खुर्चीवर त्यांची कन्या बसत असे. या दोन वर्षांत कवळीकार या जिन्याकडे फिरकले नव्हते. इतकेच नव्हे, तर बाजारात जाण्यासाठी त्यांनी लांबचा वळसा पत्करला होता. पत्नीने कारण विचारले तेव्हा "पायांना तेवढाच व्यायाम" असे ते म्हणाले होते. गेल्या वर्षी विवरणपत्राची मुदत आली आणि गेली. ते घरात बसून राहिले.

याही वर्षी ते बसूनच राहिले असते. परंतु गेल्या आठवड्यात रुग्णालयाचे पत्र आले. शहरातील दंतवैद्य एकामागून एक यंत्रावर कवळ्या करून घेऊ लागले होते आणि कवळीकारांच्या हाती एका जुन्या रुग्णालयाचेच काय ते काम उरले होते. पत्रात सरळ लिहिले होते: काम पुढे हवे असल्यास चालू वर्षाच्या विवरणपत्राची पावती अमुक दिवशी सकाळी दहाच्या आत सादर करावी. तो दिवस उद्याचा होता. पावती नसेल तर काम यंत्रवाल्यांकडे जाणार आणि अडतीस वर्षांचे दुकान बंद होणार, याविषयी कुणालाच शंका नव्हती.

"अहो, जगाच्या तोंडात दात बसवता, आणि तुमच्या स्वतःच्या तोंडातून शब्द फुटत नाही," सकाळी पत्नी म्हणाली होती. "ती पोर काय तुम्हाला खाणार आहे? जा आणि सांगा, राहून गेलं म्हणून." आणि त्यांची वाट न पाहता तिने स्वतःच फळीवरचे साचे पिशव्यांत भरून त्या दाराशी आणून ठेवल्या होत्या.

कार्यालयातील बाकावर रंगाऱ्याने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. समोरच्या टेबलामागे अप्पांची कन्या मान खाली घालून काम करीत होती. कपाळाच्या मध्यभागी पडणारी ती उभी आठी थेट अप्पांची होती. भिंतीवरचा पंखा तोच होता, जुन्या फायली बांधण्याच्या नाड्या त्याच होत्या, आणि टेबलाच्या कोपऱ्यावरचा तो जळका डाग, जिथे अप्पा पूर्वी चहाचा पेला ठेवीत, तोही जागच्या जागी होता. कवळीकारांनी पिशव्या पायांमध्ये आवळून धरल्या.

"काका," ती मान वर न करताच म्हणाली, "तुम्ही आलात ते मी पाहिलंय. यांचं झालं की या."

त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते असे त्यांना वाटले.

रंगारी तिच्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसला; त्याचे काम अर्ध्या तासात आटोपले. उठताना तो पुटपुटला, "बाई ओरडत नाही, पण नुसतं बघते. त्यापेक्षा ओरडलेली परवडते." कवळीकार त्याच्या जागी जाऊन बसले. दाराबाहेर आणखी तिघे-चौघे ताटकळत होते.

"कागद?" तिने विचारले.

त्यांनी बँकेचे पुस्तक पुढे केले. "धनादेशाचं काम सगळं यात आहे, ताई. रोखीचं..." ते अडखळले. "रोखीचं या पिशव्यांत आहे."

कवळीकारांच्या कामाची रीत अशी, की दंतवैद्याकडून रुग्णाच्या हिरड्यांचा ठसा येई, त्यात प्लास्टर ओतले की साचा तयार होई, आणि त्या साच्यावर मेण लावून, मेणात एकेक दात रोवून कवळी घडे. काम संपले तरी साचा टाकायचा नसे. रुग्ण पुन्हा येऊ शकतो. पावतीपुस्तके त्यांच्या हाती कधी टिकली नाहीत, प्लास्टर मात्र टिके. म्हणून प्रत्येक साच्याच्या बुडाशी ते पेन्सिलीने दिनांक, दंतवैद्याची खूण आणि मिळालेली रक्कम लिहून ठेवीत. वर्षाअखेरीस अप्पा स्वतः दुकानात येत, तिपाईवर बसत, आणि एकेक साचा उलटा करून आकडे मोठ्याने वाचत. "माणसं तोंडाने खोटं बोलतात," असे ते म्हणत, "तुमची ही तोंडं तेवढी बुडाने खरं सांगतात." दरवर्षी हाच विनोद होई आणि दरवर्षी दोघेही तितकेच हसत.

आता ते साचे अप्पांच्या टेबलावर एकामागून एक मांडले जाऊ लागले. बेचाळीस दंतहीन मुखे ओळीने छताकडे पाहत पसरली. दारातून कुणीतरी डोकावले आणि म्हणाले, "बाप रे, एवढ्या सगळ्या म्हाताऱ्यांचं रिटर्न आहे का आज?" बाहेर हशा पिकला. ज्या गोष्टीला अप्पांसमोर एक प्रकारचे सौंदर्य होते, ती या उजेडात केवळ एका अव्यवस्थित मनुष्याची लक्तरे होती.

ती मात्र हसली नाही. तिने पहिला साचा उचलला, उलटा केला, आकडा वाचला, संगणकात नोंदवला, आणि तो पालथाच बाजूला ठेवला. मग दुसरा. तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागत होती. भुकटी ती साडीला पुसत नव्हती, एका कागदावर झटकत होती. अप्पाही तसेच करीत.

"गेल्या वर्षीचं?" मध्येच तिने विचारले.

"राहिलं."

"का?"

कवळीकारांनी एका साच्याची कड नखाने खरवडली. "राहून गेलं, ताई."

"त्याचा दंड वेगळा. ते नंतर बघू. आज हे मार्गी लावू."

एकतीस, बत्तीस, तेहतीस. पस्तिसाव्या साच्याला ती थांबली. तो साचा इतरांपेक्षा पिवळसर होता. जुन्या प्लास्टरला असा रंग येतो. तिने बूड पाहिले आणि तिचे बोट तेथेच स्थिरावले.

कवळीकारांनी साचा ओळखला. दुकानात त्यांचा एक कडक नियम होता: काम ज्याचे त्याला दिले गेल्याशिवाय साचा वरच्या फळीवर चढवायचा नाही. खालची फळी चालू वर्षाची आणि अपुऱ्या कामांची. पत्नीने सकाळी खालची फळी सरसकट पिशवीत रिकामी केली होती. दोन वर्षे त्या फळीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला साचा इतरांबरोबर आज येथे आला होता. बुडाशी त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: अप्पा. वरची व खालची. त्यापुढे दिनांक होता. रकमेची जागा कोरी होती.

अप्पा आणि कवळीकार यांच्यात पैशांचा व्यवहार नव्हता. अप्पांनी यांचे विवरणपत्र भरावे, यांनी अप्पांच्या दातांची काळजी घ्यावी, असा सव्वीस वर्षांचा शब्द होता. पण अप्पा तत्त्वाचे इतके पक्के, की कवळीची किंमत ते कवळीकारांच्या उत्पन्नात धरीत आणि तेवढीच स्वतःची फी खर्चात दाखवीत. "मैत्रीला सूट नाही," असे म्हणत ते सही करवून घेत.

"हे किती धरायचं?" तिने विचारले. "अप्पा धरायचे."

"ते धरू नका."

"का?"

"ते काम दिलेलं नाही, ताई."

तिने साचा पालथा ठेवला नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर, त्या जळक्या डागाशेजारी, तो सरळ ठेवला आणि छत्तिसावा उचलला.

बेरीज झाली. मग तिने खात्याचा सांकेतिक शब्द अप्पांच्या जुन्या वहीतून शोधून काढला, आणि टेबलाचा खालचा खण उघडून एक जुनाट, कडांना झिजलेला फोन बाहेर काढला.

"तुमच्या खात्याला अप्पांचाच नंबर लावलेला आहे," ती म्हणाली. "जुन्या निम्म्या लोकांचं तसंच. बदलून घ्या, बदलून घ्या म्हणून सगळ्यांना सांगते, पण वर्षभर कुणी येत नाही. मग या महिन्यात हा दिवसभर वाजत असतो. म्हणून चार्ज करून ठेवते."

तो फोन कवळीकारांनी ओळखला. अप्पांच्या खिशातून तो नेहमी अर्धा बाहेर डोकावत असे. गेलेल्या मनुष्याचा फोन इतरांच्या मुदती सांभाळीत येथे दोन वर्षे जागत बसला होता.

पडद्यावर चाक फिरू लागले. शेवटच्या दिवशी साऱ्या शहराची झुंबड प्राप्तिकराच्या त्या एका संकेतस्थळावर उडालेली. ओटीपी येईना. ती फोनकडे पाहत राहिली. कवळीकार साच्याकडे पाहत राहिले.

"यात तुमचं नाव काय आहे, माहितीय?" ती एकाएकी म्हणाली. "दंतसखा."

कवळीकारांनी मान खाली घातली.

"शेवटच्या महिन्यात या नावाला नऊ फोन आहेत. सात उचललेले नाहीत. मी तेव्हाच पाहिलं होतं."

दारापलीकडची कुजबुज थांबली नव्हती. कुणीतरी कुणाला तरी दंडाचा आकडा सांगत होते. कवळीकारांनी घसा साफ केला. दोन वर्षे जे वाक्य ते मनात घोळवीत आले होते, त्यात आजारपण होते, प्लास्टरचा तुटवडा होता, विजेचा खोळंबा होता. त्यातले काहीच त्यांच्या जिभेवर आले नाही.

"आजारपणात त्यांच्या हिरड्या आक्रसल्या होत्या," ते म्हणाले. "जुनी कवळी बसेना. पंधरा दिवसांत नवीन देतो म्हणालो. त्याच वेळी एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं, रोख. मी ते आधी घेतलं. मग दुसरं आलं, तेही घेतलं. अप्पांचं काय, घरचंच काम, असं..." त्यांचा आवाज खाली गेला. "फुकटचं काम, असं म्हणालो मी बायकोला. ह्याच शब्दांत. चार महिने गेले. एकदा फोन उचलला तेव्हा सांगितलं, तयार आहे, फक्त घासायचं राहिलंय. तेव्हा मेणसुद्धा लावलेलं नव्हतं."

फोन टेबलावर थरथरला. ओटीपी आला होता. दोघांपैकी कुणीही त्याकडे पाहिले नाही.

"भेटायला कुणी आलं की ते तोंडावर रुमाल धरायचे," ती सावकाश म्हणाली. "माझ्यासमोरसुद्धा. चमच्याने भरवताना म्हणायचे, तू तिकडे बघ."

"शेवटपर्यंत?" कवळीकारांनी विचारले.

"मला एकच सांगायचंय, काका. शेवटचे दोन फोन दातांसाठी नव्हते."

त्यांनी वर पाहिले.

"तुमचं रिटर्न राहिलं होतं. साच्यांचा आकडा हवा होता त्यांना. दुकानात यायची ताकद नव्हती. तुम्ही उचलला नाहीत. मग उशांना टेकून बसले, आधीच्या वर्षीची वही मागितली, बँकेच्या नोंदी जुळवल्या आणि माझ्याकडून भरून घेतलं. मी म्हटलं, अप्पा, राहू द्या ना, तो माणूस फोनसुद्धा घेत नाही. तर म्हणाले, त्याला कामातून डोकं वर काढायला वेळ नसेल. तारीख चुकली तर बिचारा घाबरेल." ती थांबली. "त्यानंतर नऊ दिवसांनी गेले."

पावतीचा कागद त्या वर्षी टपालाने कवळीकारांच्या पत्त्यावर आला होता, हे त्यांना आठवले. तो पाहून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आपल्यामागचे एक काम आपोआप झाले, एवढेच त्या दिवशी त्यांच्या मनात आले होते. डोळ्यांत पाणी येते आहे असे वाटून त्यांनी ते निग्रहाने परतवले. या टेबलावर रडण्याचा अधिकार आपला नाही, ही जाणीव अद्याप त्यांना शिल्लक होती.

"ओटीपी," ती म्हणाली आणि फोन उचलला. आकडे घातले. पडद्यावर लाल ओळ उमटली. "गेली वेळ. पुन्हा मागवायला लागेल."

पुन्हा चाक फिरू लागले. बाहेरून एक बाई म्हणाली, "ताई, आमचा पण नंबर लावा हो, घरी लेकरं आहेत." "घेते लगेच," अप्पांची कन्या म्हणाली. दुसऱ्या वेळी ओटीपी आला तो पूर्ण उमटण्याआधीच संकेतस्थळ बंद पडले. कवळीकारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वासहा. उद्या सकाळचे दहा त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आणि नवल असे, की प्रथमच त्यांना वाटले, नाही भरले गेले तरी ते न्यायाचेच होईल. त्यांनी उठण्यासाठी खुर्ची मागे सारली.

"बसा," ती म्हणाली. स्वर अप्पांचा होता. "माझ्या टेबलावर आलेलं काम तारीख चुकून जात नाही."

तिसऱ्या वेळी फोन थरथरला तेव्हा तिने आकडे मोठ्याने वाचले आणि त्याच वेळी संगणकात घातले. पडदा काही क्षण पांढरा राहिला. मग हिरवी खूण आली. शेजारचे छपाईयंत्र घरघरले आणि त्यातून एक कागद बाहेर आला. दिनांक, वेळ, आणि त्याखाली: मुदतीत प्राप्त.

तिने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पावतीपुस्तक ओढले. "फी द्यावी लागेल काका. पूर्ण."

"हो, हो." कवळीकारांनी घाईघाईने पाकीट काढले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी या टेबलावर पैसे ठेवले. ते ठेवताना त्यांना इतके हलके वाटले, की त्या हलकेपणाचीही त्यांना लाज वाटली.

पावती फाडताना ती म्हणाली, "ती कवळी केलीत का कधी?"

"केली."

"कधी?"

"ज्या दिवशी बातमी कळली, त्या दिवशी बसलो. दुसऱ्या दिवशी पुरी झाली. एका दिवसाचं तर काम होतं, ताई."

तिने पावती त्यांच्यापुढे सरकवली.

"कुठे आहे?"

"पाण्यात. कोरडी पडली की वाकते."

"अजून पाण्यात?"

"दर शनिवारी पाणी बदलतो."

तिच्या कपाळावरची आठी हलली. विरली मात्र नाही. ती खिडकीकडे पाहत राहिली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते.

"उद्या आणून देतो," कवळीकार म्हणाले. "सकाळी नऊला."

"दहाला तुमचं रुग्णालय आहे ना? आधी ते उरका."

"नाही. आधी हे."

"नऊला ऑफिस उघडत नाही काका."

"मी जिन्यात बसेन."

तिने टेबलावरचे पालथे साचे त्यांच्याकडे सरकवले. कवळीकार साचे पिशव्यांत भरू लागले. खडखड होऊ नये म्हणून ते एकेक साचा अलगद ठेवीत होते, झोपलेल्या घरात भांडी आवरावीत तसे. अप्पांचा साचा त्यांनी शेवटी उचलला, खिशातल्या रुमालात गुंडाळला आणि पिशवीत न टाकता हातातच धरला. नियम नियमच होता. उद्या नऊपर्यंत त्याची जागा खालच्याच फळीवर होती.

तो साचा जेथे होता तेथे, जळक्या डागाशेजारी, पांढऱ्या भुकटीची एक कमान उरली होती, वरच्या जबड्याएवढी. ती पुसण्यासाठी त्यांनी बाही पुढे केली.

"राहू द्या," ती म्हणाली. तिने अप्पांचा फोन त्या कमानीला धक्का न लावता शेजारी ठेवला, त्याची तार जोडली आणि दाराकडे पाहून पुढच्या माणसाला हाक मारली.